डबी कोणाच्या मांडीवर होती?

मागच्या वर्षी होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी, शहापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने आमच्या डबीवाल्या मॅडमना खोटारडं ठरवलं. तो शब्द कोणी उच्चारला नाही. "नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत," असं म्हणाले, आणि उद्यापासून तास घ्यायला येऊ नका म्हणाले. तासिकेवर नेमलेल्या बाईला काढायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मॅडमबद्दल लिहिताना हसायचे प्रसंग बरेच येतील, आणि हसण्याच्या नादात आपण मूळ गोष्ट विसरतो. पाड्यांवरच्या पाणीटंचाईची पत्रकं वाटता वाटता एवढं तरी शिकले आहे.

मॅडमची खूण म्हणजे एक शब्द: "पोचलं?" वर्गात दर थोड्या वेळानं हा प्रश्न यायचाच. आम्ही सवयीनं "हो मॅडम" म्हणायचो. मग त्या चष्मा कपाळावर सरकवून कोणाला तरी उठवायच्या. "काय पोचलं ते सांग." बहुतेकदा काहीच पोचलेलं नसायचं. चिडायच्या नाहीत. "मग पडलं कुठं? माझ्या तोंडात, मधल्या हवेत, की तुझ्या कानाशी?" आणि खरंच शोधायला लागायच्या. शिकवलेलं कुठं सांडलं याचा शोध घेणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

एकदा त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कानात सांगितलं, "गुरुवारी प्रॅक्टिकल दुसऱ्या मजल्यावर आहे," आणि निरोप कानोकानी शेवटच्या बाकापर्यंत न्यायला लावला. शेवटचा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुवारी प्रॅक्टिकल नाही." सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "बघा, निरोप बिघडतो तोसुद्धा ऐकणाऱ्याला सोयीचा होईल असाच." त्या दिवशी हे वाक्य मला गमतीचं वाटलं होतं.

त्यांचा विषय बिनतारी जाळ्यांचा. रानात, विहिरीत, पुलावर छोटे सेन्सर ठेवायचे, त्यांनी मोजलेली माहिती एकमेकांच्या हाती देत देत ठिकाणावर न्यायची, आणि वाटेत गाडी भेटली तर गाडीवर चढवायची. कोणी कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवणं म्हणजे राऊटिंग. सगळं पोचायला किती वेळ लागेल, किती वाटेत गळेल याचं आधीच गणित मांडणं म्हणजे मॉडेल. पुस्तकात यावर पानंच्या पानं होती. मॅडम फळ्यावर तीनच शब्द लिहायच्या: घे, सांभाळ, दे.

पुस्तकातली चित्रं मोठमोठ्या रस्त्यांची, चकचकीत गाड्यांची. खाली लिहिलेलं, वाहनं एकमेकांशी बोलतात. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आमच्याकडं ड्रायव्हर बोलतात. गाड्या मधोमध उभ्या करून." वर्ग खिदळला. मॅडम खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "किती वेळ बोलतात?" त्यांनी विचारलं. त्यांना ते उत्तर खरोखर हवं होतं.

संगणकावर आम्ही सिम्युलेशन चालवायचो तेव्हा पडद्यावर ठिपके पळायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाडी. मॅडम बोट ठेवायच्या, "ही इथं का वळली?"

"रँडम आहे मॅडम."

"किन्हवलीच्या नाक्यावर कोणी रँडम वळतं? आणि ही रिकामी कशी सुटली? आपल्याकडची जीप भरल्याशिवाय हलते का कधी?"

तिथून त्यांचं काम सुरू झालं. जगातले लोक गणितात धरून चालत होते की गाड्या येत-जात राहतात. आमच्या शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड रस्त्यावर गाडी वेळेवर सुटत नाही, शेवटची सीट बसली की सुटते. म्हणजे माहितीला लागणारा उशीर हा रस्त्याचा नाही, शेवटच्या पॅसेंजरचा. बाजारच्या दिवशी तो झटकन मिळतो, भरदुपारी मिळतच नाही. "माझं अर्धं गणित," मॅडम म्हणायच्या, "शेवटच्या सीटवर बसणाऱ्या बाईच्या हातात आहे. ती घरातून निघाली तर माझा डेटा निघाला."

हे समजून घ्यायला त्या किन्हवलीच्या जीपस्टँडवर जाऊन बसायला लागल्या. मुरबाडला भाड्याची खोली होती, येता-जाता रस्ता तोच. खांद्याला पिशवी, हातात पेन, नजर गाड्यांवर. ड्रायव्हरांनी ठरवूनच टाकलं की ही परिवहन खात्याची बाई. गाड्या स्टँडच्या अलीकडंच थांबायला लागल्या. जादा बसवलेली माणसं उतरून निमूट चालत यायची. शेवटी स्टँडचे जुने ड्रायव्हर काशिनाथमामा हात जोडून पुढं आले. "मॅडम, काय घ्यायचा तो घ्या, पन उठा हितून. तुमच्यापायी सीट बशीना."

मॅडम उठल्या आणि त्यांच्याच जीपमध्ये मागच्या फळीवर, चार बायकांच्यात पाचव्या म्हणून जाऊन बसल्या. "आता भरली ना? सोडा." त्या दिवसापासून त्या स्टँडच्या झाल्या.

मग डब्या आल्या. राखाडी रंगाच्या, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठ्या, वर हिरवी पट्टी आणि नंबर. आत बॅटरी. रस्त्याच्या वरच्या अंगाला ज्या पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही, तिथल्या विहिरींत मॅडमनी पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर सोडले. उन्हाळ्यात तिथं टँकरचं पाणी विहिरीत ओततात. पण विहीर आटली हे तालुक्याला कळायला आणि टँकर आला-नाही हे नोंदायला कोणी वाली नसतो. मॅडमची युक्ती साधी. जीपला डबी बांधायची. जीप खालच्या रस्त्यानं गेली की विहिरीवरची माहिती डबीत उतरणार, जीप शहापूरला पोचली की तिथल्या चहाच्या टपरीतल्या यंत्रात चढणार, आणि तिथून पुढं. घे, सांभाळ, दे.

सेन्सर सोडायला गेलो तेव्हा वरच्या पाड्यावरची बारकूबाय विहिरीच्या काठावर बसून सगळं बघत होती. वय किती ते तिलाही ठाऊक नसेल. तिनं विचारलं, "बाय, ही पानी आनते कं?"

"नाही आजी. विहिरीत पाणी नाही, एवढंच सांगते."

"ता तं मी पन सांगतंय. माझा कोन ऐकतो?"

पायवाट उतरून खाली रस्त्यावर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "डबीचं ऐकतील. वाईट आहे, पण ऐकतील." तेव्हा आम्हा दोघींनाही वाटत होतं की डबीचं तरी ऐकतात.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. दर शनिवारी मॅडम स्टँडवर यायच्या, एकेका जीपच्या डबीची बॅटरी बदलायच्या. डब्या आपापल्या जीपला, आपापल्या जागी घट्ट बांधलेल्या असायच्या. ड्रायव्हर त्यांच्यावर धूळ बसू द्यायचे नाहीत. एकानं तर लिंबू-मिरचीच्या शेजारी जागा दिली होती. मॅडम म्हणाल्या, "शास्त्राची एवढी बडदास्त मी कॉलेजात नाही पाहिली."

नोंदी येत राहिल्या, आणि मॅडम अस्वस्थ व्हायला लागल्या. नोंदी फार लवकर येत होत्या. गणित सांगत होतं, रांगेत मागं उभ्या राहिलेल्या जीपवरची माहिती दुपारभर अडकून पडेल. प्रत्यक्षात ती दुपारीच शहापूरला हजर. दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. मॅडमनी सगळं पुन्हा तपासलं. घड्याळं बघितली, सूत्रं बघितली, मला दोनदा सूत्र फळ्यावर मांडायला लावलं. चूक सापडली नाही. मग त्यांनी कॉलेजला द्यायच्या अहवालात स्वतःच्या हातानं वाक्य लिहिलं: निकाल मॉडेलपेक्षा चांगले आले आहेत आणि याचं कारण मला अजून समजलेलं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, हे कशाला लिहिता? चांगलेच आलेत की."

"चांगले आलेत म्हणूनच लिहायचं. वाईट आले असते तर तूच मला कारण विचारलं असतंस."

ह्याच वाक्यावर त्यांना धरलं. बाहेरून तपासायला आलेल्या परीक्षकांनी ते वाचलं आणि खोलात गेले. त्यात गैर काही नाही, ते त्यांचं कामच. त्यांना दिसलं की तीन नंबरची डबी काशिनाथमामांच्या जीपची, आणि एका आठवड्यात सोमवार ते शुक्रवार तिनं रोज फेऱ्या मारल्याच्या नोंदी आहेत. कॉलेजच्या कार्यालयातून मामांना फोन गेला. त्या आठवड्यात गाडी कुठं होती? मामांनी खरं ते सांगितलं: गाडी मुरबाडला गॅरेजात होती, इंजिन उतरवलेलं होतं.

त्या सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मॅडमनी मला सोबत नेलं होतं, सेन्सर बसवायला मी होते म्हणून. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "इंजिन नसलेली गाडी पाच दिवस धावली. कशी?"

मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही."

"तुम्ही लिहिलंयही तसंच. कारण समजलेलं नाही."

"हो."

"आम्हाला समजलंय," प्राचार्य म्हणाले.

एवढंच. आवाज कोणी चढवला नाही. मॅडमनी टेबलावरचे आपले कागद गोळा केले आणि बाहेर येऊन जिन्यात थांबल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "पण धावली कशी गं?" नोकरी गेली होती, नाव गेलं होतं, आणि ह्या बाईला तो प्रश्न सोडत नव्हता.

उत्तर त्याच आठवड्यात मिळालं, आणि ते शोधायला अक्कल लागली नाही. स्टँडवर गेले. काशिनाथमामांची जीप रांगेत शेवटी उभी, आणि तिच्यावर डबी नाही.

"मामा, डबी कुठंय?"

"दिलीपकडं. आज पहिला नंबर त्याचा."

"त्याच्याकडं का?"

मला वेड लागलंय अशा नजरेनं मामा बघायला लागले. "मग? माझी गाडी सुटंल तवा सुटंल. डबी काय बसून ऱ्हाईल? नंबरवाल्याला देतो आमी."

ह्या रस्त्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. स्टँडवर आलेली वस्तू कुणा एकाची नसते. औषधाची पिशवी, लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा, माहेरच्या पापड्या, जे येईल ते रांगेत पहिल्या उभ्या गाडीत जातं. ड्रायव्हर कोण हे कोणी विचारत नाही. मॅडमनी डब्या दिल्या तेव्हा ड्रायव्हरांच्या लेखी तेही स्टँडवर सोपवलेलं सामानच. बांधलेल्या पट्ट्या सोडवायचे, डबी पहिल्या गाडीत द्यायचे, बांधायला वेळ नसला की पुढं बसलेल्या पॅसेंजरच्या मांडीवर ठेवायचे. "धरा जरा, मॅडमची हाय." कधी एकाच गाडीत दोन-दोन डब्या.

"आणि शनिवारी?"

"शनवारी परत ज्याची त्याला. मॅडमनी ज्याच्या गाडीला बांधली त्याच्या गाडीला दिसाया नको? बाईमानसाला वाईट वाटंल." मग जरा घाबरून, "का गो? काय चुकला कं?"

"कॉलेजातून फोन आला तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"त्यांनी गाडीचा विचारला. मी गाडीचा सांगितला. डबीचा कोनी विचारलाच नाय."

मी मुरबाडला गेले. मॅडम खोलीत पुस्तकं बांधत होत्या. ऐकून आधी संतापल्या. "अगं, मग डबीवर नंबर कशासाठी लिहिला होता मी? खेळायला? चार महिन्यांचं काम नासवलं यांनी!" दोन फेऱ्या मारल्या खोलीत. मग मटकन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शनिवारी परत बांधायचे! मला वाईट वाटेल म्हणून!" हसू ओसरल्यावर बांधलेलं पुस्तक सोडून मागच्या कोऱ्या पानावर आकडेमोड सुरू. "मी गाडीला नोड, म्हणजे जाळ्यातला घेणारा-देणारा हात, धरत होते. नोड गाडी नाहीच. नोड आहे स्टँड. अख्खा स्टँड एक हात आहे, घेतो आणि पुढं देतो. बघ, आता उशीर काढ." मी काढला. मोजलेल्या नोंदींच्या अगदी जवळ आला. ज्या नोंदी खोट्या ठरल्या होत्या त्यांचं कारण त्या पानावर होतं, आणि ते पान बघायला आम्ही दोघीच होतो.

आम्ही पुन्हा कॉलेजात गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हे मान्य करते. म्हणाले, मॉडेल कोणीही मागाहून जुळवून आणू शकतो. डब्या गाड्या बदलत होत्या हे पाहिलेल्या लोकांचं नावानिशी लेखी आणा, विचार करू.

ड्रायव्हरांकडं गेले. एकेकानं चहा पाजला आणि कोणीही सही केली नाही. काशिनाथमामांनी नजर टाळली. "पोरी, कागदावर लिवला की आमी कुठून कुठं, किती सीटा घेऊन जातो ता पन लिवला. उद्या परमिटवाला दारात. मॅडमसाठी जीव देन, पन गाडी गेली तं खाऊ काय?" मी त्यांच्यावर चिडू शकत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

उन्हाळा तसाच गेला. सेन्सर विहिरींतून काढून कॉलेजच्या कपाटात ठेवलेत. बारकूबाय पुन्हा विहिरीच्या काठावर बसून टँकरची वाट बघत होती, आणि तिचं ऐकणारं आता डबीसुद्धा नव्हतं. मी अर्ज दिले, पत्रक काढलं. लोकांनी ते वाचलं, घडी घातली आणि त्यात भजी बांधून नेली.

मॅडम अकोल्याला भावाकडं निघाल्या तेव्हा त्यांना सोडायला मुरबाडच्या स्टँडवर गेले होते. अकोल्यातच कुठल्याशा क्लासमध्ये शिकवणार होत्या. मी म्हटलं, मी लढणार आहे, तुम्हाला न्याय मिळवून देणार आहे. पत्रकात लिहितात तसं बोलले. त्या थकून हसल्या. "न्याय वगैरे मोठं आहे गं, दमशील. मी दमले. मला फक्त पोच हवी आहे. मी पाठवलं होतं ते खरं होतं, आणि ते कोणाला तरी मिळालं, एवढी." बस हलली तेव्हा खिडकीतून त्यांनी विचारलं, "पोचलं?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे मान हलवलेली चालणार नव्हती. पण तोवर बस वळणाला लागली होती.

म्हणून आता तुम्हाला विचारते. तुम्ही, जे हे वाचताय आणि ह्या रस्त्यानं रोज जाता. त्या दिवाळीपासून मागच्या वर्षीच्या होळीपर्यंत जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेले मास्तर, बाजाराला निघालेल्या काकी, कॉलेजला जाणारी पोरं, दवाखान्यात चाललेले आजोबा. तुमच्यापैकी कितीजणांच्या मांडीवर ती हिरव्या पट्टीची डबी होती, मला नाही माहीत, तुम्हाला माहीत आहे. तुमचं परमिट जाणार नाही. तुमची गाडी कोणी अडवणार नाही. ड्रायव्हरचं नाव लिहू नका, गाडीचा नंबर लिहू नका. किन्हवलीच्या स्टँडवर चहाच्या टपरीत कोरे कागद ठेवलेत, पेन दोऱ्यानं बांधलंय. तुमचं नाव, गाव, आणि एक ओळ: डबी माझ्या मांडीवर होती.

हे वाचून मान हलवू नका. "बाईंवर अन्याय झाला हो" असं एकमेकांना सांगू नका, ते वाटेतच बिघडतं. टपरीवर जा आणि लिहा.